बाळंतिणीच्या खोलीचं तापमान

डॉक्टर विमलाबाईंनी नव्या प्रसूतिगृहासाठी प्लॉट घेतला आणि नकाशा काढायला हेमाला बोलावलं. साल एकोणीसशे नव्वद, मे महिना. हेमा औरंगाबादेत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकून परभणीला परत आली होती. वसमत रोडवर दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. बाई इंजिनिअर म्हणून गावात तिचं नाव झालं होतं, पण लोक तिच्याकडे यायचे ते बहुतेक वेळा स्वयंपाकघर कोणत्या दिशेला असावं हे विचारायला.

विमलाबाईंचं जुनं प्रसूतिगृह स्टेशनजवळ भाड्याच्या इमारतीत होतं. खाली तपासणी, वर बाळंतिणींची खोली. त्यांनी हेमाला नकाशाबद्दल काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या तिला जिन्यावरून वर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "इथं जरा उभी राहा."

हेमा उभी राहिली. बाहेर ऊन उतरलं होतं, वारंही सुटलं होतं. आत मात्र डोक्यावर कुणीतरी तवा धरल्यासारखं वाटत होतं. पंखा फिरत होता आणि तीच हवा खाली ढकलत होता. कॉटवरच्या बाया पदरानं बाळांना वारा घालत होत्या.

"दुपारी दोनला इथं एवढं गरम नसतं," विमलाबाई म्हणाल्या. "बाहेर गार व्हायला लागलं की ही खोली तापायला लागते. मागच्या आठवड्यात तीन दिवसांच्या पोराला ताप चढला. मी जंतुसंसर्ग शोधत बसले. काही सापडेना. शेवटी त्याला आईसकट खाली जिन्याजवळ आणून निजवलं, तर रात्रीतून ताप उतरला. औषध न देता."

"स्लॅब दिवसभर तापतो, ताई. ती उष्णता आत उतरायला चार-पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी जास्त जाणवतं."

"ते समजलं. माझा प्रश्न वेगळा आहे. तू जी इमारत बांधशील, तिच्यात मे महिन्यात संध्याकाळी सहाला किती डिग्री असतील?"

"याच्यापेक्षा कमी असतील."

"कमी म्हणजे किती? बाळ गरम लागतंय म्हणून मी थांबत नाही, थर्मामीटर लावते. तू आकडा सांग."

कूलर लावू, असं हेमा म्हणणार होती, पण दुपारची वीज रोज जायची आणि उन्हाळ्यात टाकीत पाणी नसायचं, हे विमलाबाईंनी तिच्याआधीच सांगून टाकलं. ती घरी आली ती तो प्रश्न डोक्यात घेऊन. स्लॅबमध्ये किती लोखंड घालायचं हे ती बरोबर सांगू शकत होती. पायावर किती भार येईल हे सांगू शकत होती. पण त्या घरात माणसाला कसं वाटेल, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका तासाला सरांनी जाता जाता एक वाक्य म्हटलं होतं. बाहेरच्या देशांत इमारत बांधायच्या आधी ती थंड किंवा गरम ठेवायला किती ऊर्जा लागेल हे संगणकावर काढतात. पुढं घंटा झाली आणि ते वाक्य तिथंच राहिलं. आता हेमाला वाटायला लागलं, की असं काही असेल तर ते कुठं असेल? दिसतं कसं? आणि परभणीच्या उन्हावर चालतं का?

गावात संगणक म्हणजे उद्धवचा. त्याची नानलपेठेत टायपिंगची संस्था होती आणि वर्षभरापूर्वी त्यानं टाइपरायटरांच्या रांगेशेजारी एक संगणक आणून ठेवला होता. त्या खोलीला पडदा होता आणि आत जाताना चप्पल काढावी लागायची.

"इमारत किती तापंल ते सांगणारा प्रोग्राम?" उद्धवनं विचारलं. त्याला प्रश्न विचित्र वाटला नाही, उलट तो खुर्ची ओढून पुढं सरकला. "माझ्याकडं पत्र लिहायचा हाय, हिशेबाचा हाय. असा न्हाई. पण हेमाताई, कोणी ना कोणी लिहिलेला असणारच. हे मशीन स्वतःहून काहीच करत न्हाई. ज्याला कधी हा प्रश्न पडला असंल, त्यानं लिहिला असंल. आपल्याला प्रोग्राम न्हाई, तो माणूस शोधायचाय."

त्यानं पुण्याच्या एका विक्रेत्याकडून प्रोग्रामांचं छापील पत्रक मागवलं. त्यात पगारपत्रकं होती, दुकानाचा साठा होता, कुंडलीसुद्धा होती. इमारतीवर होते ते सगळे तुळया आणि खांबांचे. हेमानं जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मी कुठंतरी वाचलं होतं, आता आठवत नाही. ती दोनदा औरंगाबादला जाऊन ग्रंथालयात बसली. तिथल्या परदेशी मासिकांत अशा प्रोग्रामांची नावं सापडली, पण ते ज्या संगणकांवर चालायचे ते एका खोलीत मावत नव्हते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. विमलाबाई मधूनमधून विचारायच्या, "आकडा मिळाला का?" त्यांनी दुसरा इंजिनिअर गाठला नाही, याचं हेमाला नवल वाटायचं.

शोध लागला तो वेगळ्याच कामात. जिंतूर रोडला एका खासगी बियाणे कंपनीचं गोदाम होतं. त्याच्या कंपाउंडची भिंत पडली होती, ती पाहायला हेमा फेब्रुवारीतल्या एका दुपारी गेली. तिथले व्यवस्थापक किशनराव तिला कागद देण्यासाठी गोदामात घेऊन गेले. आत पाऊल टाकताच ती थबकली. वर पत्रा होता, पण पत्र्याखाली आणखी एक छत होतं आणि दोन्हींच्या मधून वारा जायला फट ठेवलेली होती. भिंतीही दुहेरी. आत पंखा नव्हता, तरी उकडत नव्हतं.

"हे कोणी असं बांधायला सांगितलं?" तिनं विचारलं.

"कंपनीनं. बी आहे ना मॅडम. जास्त तापलं तर उगवण जाते. मेमध्ये आतलं तापमान पस्तीसच्या वर जाता कामा नये, अशी अट होती. मग औरंगाबादच्या एका प्रोफेसरांकडून हिशेब करून घेतला. त्यांनी कॉम्प्युटरवर काढून दिलं, भिंत किती, फट किती, सगळं."

हेमानं वरच्या फटीकडे पुन्हा पाहिलं. नऊ महिने ती घरांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या मागे फिरत होती. बियाण्यांचा विचार तिच्या मनात आला नव्हता.

"आणि पस्तीसच्या वर गेलं का?"

"एकदा गेलं. पहारेकऱ्यानं दार उघडं ठेवलं होतं तेव्हा."

प्रोफेसरांचं नाव आबासाहेब. किशनरावांनी कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला.

आबासाहेब निवृत्त झाले होते आणि औरंगाबादेत समर्थनगरात राहात होते. हेमा गेली तेव्हा ते अंगणात गुडघ्यांवर बसून भिंतीला तळहात लावून पाहात होते. "ही पश्चिमेची भिंत," ते ओळख वगैरे न विचारता म्हणाले. "आता अकरा वाजलेत. इथं हात लाव. आता इथं लाव. फरक कळला?"

फरक कळला. मग तिनं आपलं काम सांगितलं. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"हा प्रोग्राम मी एअरकंडिशनसाठी लिहिला होता," ते म्हणाले. "इमारत थंड ठेवायला किती वीज लागेल, कुठली भिंत बदलली तर किती वाचेल, त्याचा हिशेब. मुंबईच्या दोन ऑफिसांनी वापरला. मग बियाण्यांनी. माणूस आजारी पडू नये म्हणून मागायला आलेली तू पहिली."

"पण आमच्याकडं एअरकंडिशन असणारच नाही, सर. वीजच नसते."

"मग वीज शून्य लिही. वीज शून्य लिहिलीस की तो म्हणतो, मी काही थंड करू शकत नाही, पण आत किती तापेल ते सांगतो. तासातासाचं सांगतो."

त्यांनी आतून एक फ्लॉपी आणली. काळी, चौकोनी, तळहातापेक्षा थोडी मोठी, पुठ्ठ्याच्या पाकिटात घातलेली. त्यावर पेन्सिलीनं फक्त 'ताप' एवढंच लिहिलं होतं. ती उन्हात ठेवू नको, वाकली की संपली, आणि माझ्याकडे ही एकच चांगली उरलीय, दुसरीला बुरशी लागली, असं त्यांनी बजावलं. घरी जाऊन आधी नक्कल कर आणि ही परत पाठव, असंही म्हणाले.

ती परत निघाली तेव्हा एप्रिलची दुपार होती. बसच्या खिडकीचा गज हाताला चटके देत होता. मंठा मागं पडला आणि देवगाव फाट्याला बस थांबली ती थांबलीच. पुढं ट्रक उभे, जीपा उभ्या. विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको होता. निळे झेंडे घेऊन लोक डांबरी रस्त्यावर बसले होते, बायाही होत्या. हेमाच्या कॉलेजच्या दिवसांत औरंगाबादच्या भिंती याच मागणीनं आणि तिच्या विरोधानं रंगलेल्या असायच्या. ती मागणी अजून रस्त्यावरच होती. एक उंच माणूस बादली आणि पेला घेऊन बसमधून फिरला, प्रत्येकाला पाणी देत. "तास-दीड तास लागंल," तो म्हणाला. "सायब यायलेत निवेदन घ्यायला. तुमाला तकलीफ होऊ लागली, पर इलाज न्हाई."

बसचं टप तापत चाललं. हेमानं पिशवीत हात घातला तर फ्लॉपीचं पाकीट कोमट लागलं. ती पिशवी छातीशी धरून खाली उतरली आणि हॉटेलच्या छपराखाली बाकावर बसली. छपरालाही पत्राच होता. शेजारी एक म्हातारी ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती. नाव बायनाबाई, पोखर्णीची, लेकीकडून परत निघालेली. ती बराच वेळ हेमाकडे पाहात होती.

"लेकरू हाय का पिशवीत?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी. एक तबकडी आहे. उन्हानं खराब होते."

"काय करती ती?"

हेमानं तिच्याच बोलीत सांगितलं, "घर बांधायच्या आधीच ते घर किती तापंल, ते सांगती."

बायनाबाईनं पिशवीकडे बोट दाखवलं. "आन् ती सोताच तापून मरायली व्हय?" असं म्हणून तिनं पोत्याचं तोंड सोडलं. "जोंधळ्यात खुपस. मधात. आतल्या दाण्याला लवकर ऊन लागत न्हाई."

हेमानं पाकीट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलं आणि कोपरापर्यंत हात घालून ज्वारीत खोचलं. आत खरंच गारवा होता. साहेब आले, निवेदन झालं, घोषणा झाल्या आणि ऊन कलल्यावर रस्ता मोकळा झाला. पोतं बसच्या टपावर न टाकता दोघींनी ते पायाशी ठेवलं, आणि परभणीच्या स्टँडवर हेमानं पाकीट बाहेर काढलं तेव्हा बायनाबाई म्हणाली, "आमच्याबी घराचं इचार तिला एकदा."

फ्लॉपी चालली. उद्धवनं आधी नक्कल केली आणि मग दोघं पडद्यासमोर बसले. हिरव्या अक्षरांत प्रश्न येत होते. भिंत कशाची? जाडी किती? छत कशाचं, रंग कोणता? खिडकी कोणत्या दिशेला, किती वाजता उघडता, किती वाजता लावता? हेमाला गंमत वाटली. कुणीतरी घराची चौकशी करावी तसं ते यंत्र विचारत होतं. आणि मग प्रश्न आला, गाव कोणतं? खाली यादी होती. दिल्ली, मुंबई, नागपूर, अहमदाबाद, आणखी काही. परभणी नव्हतं.

"नागपूर टाका," उद्धव म्हणाला. "तितंबी लय ऊन असतंय."

"नागपूरचं ऊन घेऊन परभणीचं बाळ कसं निजवायचं?"

मग परभणीचं हवामान आणणं आलं. ते मात्र गावातच होतं. कृषी विद्यापीठाच्या आवारात वेधशाळा होती. पांढऱ्या जाळीच्या पेटीत तापमापक, शेजारी ऊन मोजणारा काचेचा गोळा. तिथल्या माणसांनी तिला बसवून घेतलं आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेले आलेख दाखवले. एका आठवड्याची जांभळी रेघ, दिवसा वर, पहाटे खाली. हेमानं मे महिन्याचे आलेख समोर ठेवले आणि एकेका तासाचं तापमान वाचून उतरवून घेतलं. हे करताना तिला पहिल्यांदा आपलं गाव दिसल्यासारखं वाटलं. परभणीत दुपारी किती तापतं ते सगळ्यांना माहीत होतं. पण पहाटे चारनंतर ती रेघ जी खाली येत होती, ती इतकी खाली येते याची तिला कल्पना नव्हती. बाहेर एवढा गारवा असतो, मग तो आपल्या घरात का येत नाही?

नवी इमारत काढायच्या आधी प्रोग्राम खरं बोलतो का ते पाहायचं, असं तिनं ठरवलं. जुन्या प्रसूतिगृहाची वरची खोली मोजून ती संगणकात भरली. स्लॅब, विटेची भिंत, पश्चिमेच्या दोन खिडक्या. खिडक्या दिवसा बंद, संध्याकाळनंतर उघड्या. मग कळ दाबली आणि संगणक गप्प झाला. अर्ध्या वाटेत वीज गेली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी पूर्ण झालं आणि छपाईयंत्रानं करकरत चोवीस आकडे काढले. संध्याकाळी सहाला अडतीस.

विमलाबाईंनी त्याच खोलीत थर्मामीटर टांगला होता. त्याच्यावर रोज एकेचाळीस यायचे.

"तीन डिग्रींचा फरक म्हणजे बाळाच्या बाबतीत जगणं-मरणं," विमलाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांनाही आता कुतूहल लागलं होतं. "थर्मामीटर खोटं बोलतो का तुझं मशीन?"

हेमानं छताचा रंग बदलून पाहिला. भिंतीची जाडी पुन्हा मोजली. स्लॅबवर गळतीसाठी डांबर लावलेलं आहे का, ते वर चढून पाहिलं. नव्हतं. काही केल्या आकडा एकोणचाळीसच्या पुढं जाईना. उद्धवला वाटत होतं, आबासाहेबांचं गणित चुकलं. हेमाला तसं वाटत नव्हतं, कारण बियाण्यांच्या गोदामात तेच गणित बरोबर आलं होतं. तिथं चुकलं नाही, मग इथंच का?

एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर ती पुन्हा त्या खोलीत जाऊन बसली. मोजायला म्हणून नाही, नुसती बसली. आया केशरबाई आली, तिनं दिवा लावला आणि खिडक्या पाहिल्या. त्या बंदच होत्या. एका फटीत कुणीतरी जुनं लुगडं कोंबलं होतं, ते तिनं आणखी आत सारलं.

"केशरबाई, खिडक्या उघडत का नाही? बाहेर वारं आहे."

"बाळंतिणीला वारं लागंल की. कान धरतेत, अंग धरतंय."

"रात्रभर बंदच असतात?"

"सकाळी झाडताना उघडते घडीभर. मंग बंद."

हेमानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायांनी डोक्याला फडकी बांधली होती, एवढ्या उकाड्यात. ती स्वतः उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची. खिडक्या संध्याकाळनंतर उघड्या, असं तिनं संगणकाला सांगितलं होतं, कारण तिच्या घरी तसं होतं. इथं पहाटेचा गारवा आत येतच नव्हता, त्यामुळे कालच्या तापलेल्या भिंतींवर आजचं ऊन चढत होतं. तिनं खोली बाळंतिणींची भरली होती आणि सवय आपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानलपेठ उघडायच्या आधीच ती उद्धवच्या दारात उभी होती. खिडक्या, दिवसभर बंद, रात्रभर बंद. कळ दाबली. वीज टिकली. छपाईयंत्रातून कागद वर सरकत असताना दोघं त्याच्यावर वाकले होते. सहाच्या पुढं आकडा होता एकेचाळीस.

उद्धवनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हे खरं बोलायलं होतं. आपणच त्याला खोटं सांगितलं."

विमलाबाईंचं पहिलं म्हणणं होतं, की खिडक्या उघडायची सक्ती करायची. दुसऱ्या मिनिटाला त्या स्वतःच म्हणाल्या, "नाही, बाया ऐकणार नाहीत. त्यांच्या सासवा तर नाहीच नाहीत. मी गेल्यावर पुन्हा बंद करतील." मग त्यांनी विचारलं, "वारा आत यावा आणि बाईच्या अंगाला लागू नये, असं काही करता येईल का?"

हा प्रश्न हेमाला फार आवडला. ती त्याच्यामागे लागली ते दोन महिने. झरोके वर, छताला लागून ठेवले तर? पलंगाच्या कितीतरी वरून वारा येईल, गरम हवा वरच जमलेली असते ती घेऊन समोरच्या झरोक्यातून निघून जाईल, आणि खाली फडकं बांधलेल्या बाईचा केसही हलणार नाही. केशरबाईला तिनं चित्र काढून दाखवलं. केशरबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, "तेवढ्या उंचावरलं वारं चालंल." मग स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जाड कोबा, त्याच्यावर फुटक्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशा. पश्चिमेला ऊन भिंतीवर पडू नये म्हणून लांब गॅलरी. प्रत्येक बदलाला एकदा संगणक चालवायचा. काही कल्पना तिला हुशारीच्या वाटल्या आणि त्यांनी अर्धा अंशही कमी झाला नाही. काही साध्याच होत्या आणि त्यांनी दीड-दोन अंश खाली आणले. हे आधीच कळणं तिला जादूसारखं वाटायचं. न बांधलेली भिंत ती हलवत होती, आणि न जन्मलेल्या बाळाचा उकाडा कमी होत होता.

शेवटी तिनं विमलाबाईंना आकडा दिला. छत्तीस.

"लिहून दे," विमलाबाई म्हणाल्या. तिनं नकाशाच्या कोपऱ्यात लिहून सही केली.

बांधकामाला वेळ लागला. त्र्याण्णवच्या पाडव्याला नवं प्रसूतिगृह सुरू झालं आणि मे महिन्यात विमलाबाईंनी प्रत्येक खोलीत थर्मामीटर टांगले. हेमा रोज संध्याकाळी जायची. पहिल्या खोलीत छत्तीसला किंचित वर. दुसरीतही तेवढंच. तिसरीत छत्तीस. बाळं निजलेली होती आणि डोक्याला फडकी बांधलेल्या बाया आपसात बोलत होत्या. विमलाबाईंनी शाबासकी वगैरे दिली नाही. त्यांनी हेमाला आपल्या खोलीत बसवून चहा दिला आणि पुढच्या वर्षी वर मजला चढवला तर खालच्या खोल्यांचं काय होईल, ते विचारलं.

पण गॅलरीच्या टोकाची चौथी खोली हेमाला छळत होती. ती पश्चिमेच्या कोपऱ्यात होती, तिनं सगळ्यांत जास्त तापायला हवं होतं. संगणकानं तिच्यासाठी सदतीस सांगितले होते. थर्मामीटर मात्र चौतीस दाखवत होता. तिनं थर्मामीटर बदलला. चौतीसच.

"चांगलंच आहे की," विमलाबाई म्हणाल्या. "कमीच आहे ना?"

"पण का कमी आहे, ते कळत नाही, ताई."

ते कळलं एका दुपारी. हेमा लवकर आली होती. केशरबाई गॅलरीच्या त्या टोकाला उभी राहून बाळांची धुतलेली दुपटी दोरीवर टाकत होती. दोरी हात पुरणार नाही एवढी उंच बांधलेली, म्हणून ती काठीनं एकेक दुपटं वर चढवून सारखं करत होती. खाली बांधलं की पाहुण्यांची पोरं ओढतात, असं ती म्हणाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती दोरी भरलेलीच असायची, एक वाळलं की दुसरं ओलं. आणि दोरी होती बरोबर झरोक्यांच्या समोर. पश्चिमेचा तापलेला वारा त्या ओल्या कापडातून गाळला जाऊन आत जात होता.

हेमानं विमलाबाईंना बोलावून दाखवलं. त्या जरा ओशाळल्या. दर्शनी बाजूला लंगोट-दुपटी वाळत घातलेली बरी दिसत नाहीत म्हणून त्या दोरी काढायला सांगणारच होत्या. "चार दिवस काढा आणि चार दिवस ठेवा," हेमा म्हणाली. तसं केलं. दोरी काढली की आकडा चढायचा, बांधली की उतरायचा. मग विमलाबाईंनीच सुताराला बोलावून बाकीच्या खोल्यांसमोरही खुंट्या मारून घेतल्या.

स्टेशन रोडला टेलिफोनचं नवं केंद्र निघालं होतं. तिथून हेमानं औरंगाबादला आबासाहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिचं सांगून संपतं न संपतं तोच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"कापड सुती आहे ना?"

"हो सर. जुन्या साड्यांची दुपटी."

"पिळून टाकतात की थबथबीत?"

"पाहिलं नाही."

"दोरी आणि झरोका यांच्यात अंतर किती? आणि वारा पडला की काय होतं?"

केंद्रातला माणूस काचेबाहेरून तिच्याकडे पाहात होता, मागं आणखी दोघं रांगेत होते. हेमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारून सांगते, सर," ती म्हणाली. "उद्या याच वेळी लावते."